दोन हुकांचा सेफ्टी बेल्ट: ८ महिने वापरल्यावर एका काचवाल्याचा रिव्ह्यू

मी नाशिकमध्ये खिडक्यांच्या काचा साफ करायचं काम करतो. स्वतःचंच काम आहे, कंपनी बिंपनी काही नाही, एक ॲक्टिव्हा, दोन बादल्या, वायपर, कपडे आणि सोबत भाचा. ११ वर्षं झाली याला आणि त्यातली पहिली ९ वर्षं मी काहीही न बांधता सज्जावर उतरायचो हे आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको की हा मोठा शहाणा शिकवायला आला. एका हाताने ग्रील धरायची, दुसऱ्या हाताने वायपर मारायचा, खालून वॉचमन काका ओरडले की "रोजचंच आहे काका" म्हणायचं. अजूनही बरेच जण असंच करतात.

२ वर्षांपूर्वी गोविंदनगरला एका बंगल्यात शिडी सरकली. उंची किती, तर ९ फूट. पाचव्या मजल्यावर कधी काही झालं नाही आणि ९ फुटांवरून मनगट मोडून घेतलं. खाली गुळगुळीत टाइल्स, त्यावर माझ्याच बादलीतलं साबणाचं पाणी आणि शिडी नको तेवढी तिरकी. आता माहितीये की ४ फूट उंचीला १ फूट असा हिशोब असतो, म्हणजे शिडीचं टोक १२ फुटांवर टेकलं तर पाय भिंतीपासून ३ फुटांवर हवेत, माझे तेव्हा ५-६ फुटांवर होते. दीड महिना प्लास्टर घालून घरी. आपल्या धंद्यात घरी बसलं की आवक बंद, मीच मालक आणि मीच नोकर, सुट्टी मागणार कोणाकडे.

बरा झाल्यावर आधी ऑनलाइन ४५० रुपयांचा कमरेचा पट्टा मागवला, वर्षभर तोच बांधून फिरलो आणि वाटत होतं आता आपण सेफ. तो पट्टा पडण्यासाठी नसतोच. खांबाला वगैरे टेकून उभं राहायला, नाहीतर कडेपर्यंत जाऊच नये म्हणून आखूड बांधून ठेवायला ठीक आहे. त्यात पडलं तर सगळा झटका कमरेवर आणि पोटावर येतो, माणूस उलटा झाला तर त्यातून निसटूही शकतो. हे मला कोणी सांगितलं तर एका ट्रेकवाल्या मुलाने, कॉलेज रोडला त्याच्याच घराच्या काचा करत होतो. अंजनेरी, हरिहर असं सगळीकडे दोर घेऊन जाणारा पोरगा, माझ्या कमरेकडे बघून म्हणाला "दादा, हे पँट वर ठेवायला आहे का?" लय लागलं ते मला, पण बरोबर होतं.

तर गेल्या दसऱ्याला अंबड एमआयडीसीतल्या एका सेफ्टीच्या दुकानातून सगळा सेट घेतला. फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांद्यांना आणि मांड्यांना पट्टे असलेला बेल्ट, त्याला दोन हुकांची दोरी आणि झटका कमी करणारा शॉक ॲब्सॉर्बर, हे ३,२०० ला. ११ एमएमचा ५० मीटर दोर ४,५०० ला, त्या दोरावरची पकड म्हणजे रोप ग्रॅब १,९००, हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट ६५० आणि खांबाला गुंडाळायच्या दोन स्लिंग ७०० च्या. सगळे मिळून ११ हजाराला ५० रुपये कमी. घरी सांगताना मी ६ हजार सांगितले, बायको हे वाचत नसेल अशी आशा आहे. ब्रँडचं नाव देत नाही कारण दुकानाबद्दल तक्रार आहे आणि उगाच त्यावरून कोणी दुकान शोधत बसायला नको. लेबलवर आयएस ३५२१ आणि ईएन ३६१ हे दोन्ही नंबर आणि बनवल्याची तारीख आहे का ते बघून घ्या. पहिला आपल्याकडचा भारतीय मानकाचा, दुसरा युरोपचा फुल बॉडी हार्नेसचा. लेबलच नसेल तर कितीही स्वस्त मिळू दे, तिथेच ठेवून या.

आता बेल्ट कसा आहे ते. पट्टे पॉलिस्टरचे, दोन रंगात, खांद्याचे केशरी आणि मांडीचे काळे, त्यामुळे सकाळी झोपेत घालताना पण उलटसुलट होत नाही. हे दिसायला छोटं वाटतं पण एकरंगी बेल्ट असेल तर पाय खांद्याच्या पट्ट्यात जायला वेळ लागत नाही. शिलाईचा दोरा पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा आहे, म्हणजे कुठे टाका उसवला तर लगेच दिसतो. पाठीवर दोन खांद्यांच्या मधे डी रिंग आणि छातीवर पण एक. मांडीच्या बकला पितळेसारख्या रंगाच्या, पट्टा दुहेरी ओवून घ्यायच्या, क्लिकवाल्या नाहीत, त्यामुळे घालायला वेळ लागतो आणि ओल्या हाताने तर चिडचिड होते. मांडीला पॅडिंग अजिबात नाही, तासाभराने टोचतो. मांडीचा पट्टा किती आवळायचा तर आडवा पंजा आत जाईल पण मूठ जाणार नाही इतका. बरेच जण तो ढिला सोडतात, टोचतो म्हणून. पडल्यावर तो ढिला पट्टा कुठे जाऊन बसतो हे पुरुषांना तरी वेगळं सांगायला नको.

दोन हुक कशाला हा प्रश्न मला भाच्यानेच विचारला. सरकताना एक काढला तरी दुसरा लागलेला राहतो, म्हणजे मधल्या पावलाला माणूस मोकळा नसतो, एवढंच त्याचं काम. हुक मोठ्या तोंडाचे आहेत, लोखंडी परांचीच्या पाइपला बसणारे, वजनाला भरपूर, दोन्ही लटकत असले की चालताना गुडघ्यावर आपटतात. मोकळा हुक हार्नेसवर ठेवायला वेगळी छोटी जागा दिलीये, तिथेच ठेवा, मांडीच्या पट्ट्यात बिट्ट्यात अडकवू नका.

आता या बेल्टबद्दल जे दुकानदार सांगत नाही ते. पहिल्या मजल्यावर हा बेल्ट या दोरीसकट तुम्हाला वाचवेलच असं नाही. दोरी ॲब्सॉर्बर धरून २ मीटर लांब. पडल्यावर ॲब्सॉर्बरची घडी उसवत जाते, हळूहळू ब्रेक लागल्यासारखी, ती जास्तीत जास्त १.७५ मीटर उसवू शकते. पाठीच्या रिंगपासून तुमच्या पायापर्यंत दीड मीटर धरा. वर १ मीटर मोकळी जागा, कारण सगळं बरोब्बर मोजून होत नाही. झाले ६.२५ मीटर, आणि हे जिथे हुक अडकवलाय तिथून खाली. आपल्या बिल्डिंगचा एक मजला ३ मीटरच्या आसपास. म्हणजे पायाजवळ हुक अडकवून पहिल्या मजल्याच्या सज्जावर उभे असाल तर बेल्टचं काम पूर्ण व्हायच्या आत तुम्ही पार्किंगमध्ये, बेल्ट घालून, हेल्मेट घालून. हा हिशोब कळला त्या रात्री मला झोप आली नाही कारण त्या आठवड्यात मी इंदिरानगरला तेच केलं होतं आणि एकदम निवांत मनाने केलं होतं.

त्यामुळे हुक नेहमी डोक्याच्या वर, जमेल तितका वर. पायाजवळ अडकवला तर २ मीटरच्या दोरीने माणूस ३.५ मीटर मोकळा पडतो आणि मग झटका बसतो, डोक्यावर असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी अंतरात दोरी ताणली जाते. ॲब्सॉर्बर चांगल्या प्रतीचा असेल तर तो झटका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवतो, म्हणजे साधारण ६०० किलो वजनाइतका जोर, आणि हा "आत ठेवलेला" जोर आहे बरं का. ॲब्सॉर्बर नसलेली साधी दोरी ३०० रुपये स्वस्त पडते म्हणून शेठ मला आधी तीच दाखवत होते.

आता दुकानाची तक्रार. रोप ग्रॅब म्हणजे दोरावर सरकणारी ती लोखंडी पकड, तुम्ही खाली उतरता तशी सोबत येते आणि झटका बसला की दोराला चावते. माझ्या कामात हीच मुख्य वस्तू, कारण गच्चीवरून दोर सोडलेला असतो आणि मी सज्जावर उभा. शेठनी ११ एमएमचा दोर दिला आणि रोप ग्रॅब दिली १४ ते १६ एमएमची. बॉक्सवर छापलेलं होतं, पण मी वाचलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर नशीब म्हणून आंब्याला दोर बांधून गुडघाभर उंचीवर लटकून बघितलं तर ती तशीच घसरत खाली, जरा अडखळायची आणि परत घसरायची. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर शेठ म्हणाले, "अहो सगळे हेच नेतात, आजवर कोणी परत आणली नाही." मी म्हटलं शेठ, ज्याची घसरली तो परत आणायला येणार कसा? ते हसले नाहीत पण बदलून दिली, वरचे ६०० घेऊन.

दुसरं म्हणजे या पकडीवर बाण असतो, तो वरच्या बाजूला पाहिजे. उलटी लावली तर ती तशीच सरकते, चावतच नाही. मी आता बाणावर नेलपॉलिश लावून ठेवलंय लाल, आणि रोज सज्जावर जायच्या आधी गच्चीवरच एकदा हाताने जोरात खाली ओढून बघतो. बघायला वेळ लागत नाही, विसरायला पण लागत नाही.

पण दुकानाने जे सगळ्यात मोठं विचारायला पाहिजे होतं ते विचारलंच नाही, की बांधणार कशाला? ११ हजाराचा माल विकला, बिल फाडलं, आणि वरचं टोक कशाला बांधणार हे कोणी विचारलं नाही. नाशिकमधल्या सोसायट्यांच्या गच्च्या तुम्ही बघितल्यात का कधी या नजरेने? कठडा आहे विटांचा, त्यावर कडप्पा. टाकीचा पाइप आहे. डिश अँटेनाचा स्टँड, सोलरच्या पाण्याच्या टाकीचा स्टँड, कपडे वाळत घालायचे खांब, झेंडावंदनाचा पाइप. आणि यातल्या एकालाही माणूस बांधायचा नसतो. खिडकीच्या ग्रीलला पण नाही, ती कधी कधी चार स्क्रूवर उभी असते आणि ते स्क्रू मी स्वतः बोटाने फिरवून बघितलेत. एसीच्या ब्रॅकेटला तर विचारूच नका.

मी काय वापरतो, तर वरच्या टाकीखालचे आरसीसीचे कॉलम नाहीतर लिफ्टच्या मशीन रूमचा कॉलम, त्याला स्लिंग गुंडाळून. युरोपात असा आधार किमान १२ किलोन्यूटनला टेस्ट केलेला लागतो, म्हणजे एक छोटी कार टांगली तरी हलला नाही पाहिजे. आपल्याकडे टेस्ट कोण करणार, पण "याला मारुती टांगली तर?" एवढं मनात विचारलं की निम्म्या गोष्टी आपोआप बाद होतात. दोन स्लिंग दोन वेगळ्या कॉलमला, एकावर भरवसा नाही. आठच्या आकड्यासारखी दिसणारी गाठ, तीही दुहेरी, आणि शेपूट हातभर सोडायचं.

गंगापूर रोडला एका सोसायटीत टाकी बिल्डिंगच्या एका टोकाला आणि काचा दुसऱ्या टोकाच्या फ्लॅटच्या. तिथे दोर तिरका जातो. तिरक्या दोरावर पडलं तर माणूस सरळ खाली जात नाही, घड्याळाच्या लंबकासारखा झुलत जातो आणि मधे जे पिलर, गॅलरी, एसीचा डबा असेल त्यावर आपटतो, आणि वर कडप्प्याच्या धारेवर दोर करवतीसारखा घासतो ते वेगळंच. ते काम मी सोडलं. चेअरमन काका म्हणाले मागच्या दिवाळीला तर झालं होतं. झालं होतं खरं, मीच केलं होतं. धारेवर आता जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर गोणपाट घालतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

दोराबद्दल एक किस्सा, माझीच चूक. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, नवीन बिल्डिंगला सिमेंटचे पण, त्याला आम्ही ॲसिड वापरतो पातळ करून. जानेवारीत भाच्याने ॲसिडची बाटली दोराच्याच बॅगेत टाकली, बूच नीट लागलं नव्हतं. दोर नायलॉनचा. नायलॉन आणि ॲसिड यांचं वैर आहे, आणि वाईट म्हणजे दोर दिसायला तसाच राहतो, जरासा पिवळा आणि हाताला कडक लागला, बस. कुठली वेटोळी भिजली, कुठली नाही हे कळायला मार्ग नाही. भाचा म्हणाला, "मामा, एवढं टोक कापून टाकू ना." साडेचार हजाराचा दोर, तीन महिने वापरलेला. दोन दिवस मी त्याच्याकडे बघत बसलो आणि मग अख्खा सिन्नरला गावी पाठवला, तिथे आता त्याला म्हैस बांधतात. पॉलिस्टरला ॲसिडचं तेवढं वावडं नाही पण त्याला कडक अल्कली, म्हणजे कॉस्टिकवाले क्लीनर, चालत नाहीत. आता रसायनं गाडीच्या डिकीत आणि दोर-बेल्ट वेगळ्या पाठपिशवीत, आणि सावलीत, कारण उन्हाने पण हे पट्टे मरतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती निळी-हिरवी प्लास्टिकची दोरी तर उन्हात वर्ष काढत नाही, ती कपडे वाळत घालायलाच ठीक.

आता मे महिन्यातलं. महात्मानगर, तिसरा मजला, दुपारी साडेअकरा. सज्जावर वर्षभराची धूळ आणि त्यावर साबणाचं पाणी सांडलेलं. मी डावीकडच्या काचेकडे वळलो आणि उजवा पाय गेला. पाय घसरला असं म्हणायला पण वेळ नाही मिळाला, आधी वायपर खाली गेल्याचा आवाज आला, मग खट्ट करून रोप ग्रॅब चावली आणि मी सज्जाच्या कडेखाली लटकत होतो, हनुवटी सज्जाच्या बरोबर लेव्हलला. मांडीत पट्टा असा रुतला की दुसऱ्या दिवशी काळानिळा वळ. ॲब्सॉर्बर उसवला नव्हता कारण पडणंच थोडं होतं. खिडकीतून ताई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या होत्या, त्या ग्लास हातात धरून तशाच उभ्या. मी म्हटलं, "ताई, घाबरू नका, भाच्याला हाक मारा." माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

तर बेल्टने काम केलं का, हो केलं. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. लटकलेला माणूस म्हणजे वाचलेला माणूस नाही. पाय न हलवता बेल्टमध्ये लटकून राहिलं तर मांडीच्या पट्ट्यांच्या खाली पायात रक्त साठत जातं, गरगरतं, शुद्ध जाऊ शकते, आणि मग ते लवकर गंभीर होतं. फायर ब्रिगेडला १०१ लावून ते कोपऱ्याकोपऱ्यावरच्या ट्रॅफिकमधून येईपर्यंत वाट बघणं हा प्लॅन नाही. माझ्या बेल्टला दोन्ही बाजूला दीड-दीड मीटरची पट्टी गुंडाळून ठेवलेली असते, ट्रेकवाल्या पोरानेच सांगितली होती, ती सोडली की त्यात पाय घालून उभं राहता येतं आणि मांड्या मोकळ्या होतात. ती सोडली, उभा राहिलो, भाच्याने वरून दुसरा दोर टाकला आणि ४-५ मिनिटात मी सज्जावर. म्हणून एकट्याने हे काम करू नका. भाच्याला ४०० रुपये रोज द्यावा लागतो म्हणून मी आधी एकटा जायचो.

आणि जे झुल्यावर बसून पूर्ण लटकून काम करतात ते वेगळंच शास्त्र आहे, त्यात कामाचा दोर वेगळा आणि जीव सांभाळायचा दोर वेगळा, दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधलेले, आणि रीतसर ट्रेनिंग लागतं. हा सेट घेतला म्हणजे ते करता येईल असं समजू नका. मी करत नाही.

खरं सांगायचं तर बेल्ट आल्यापासून मी सज्जावर कमी उतरायला लागलो. आधी वाटलं होतं बेल्ट आहे तर आता बिनधास्त, झालं उलटं, कारण दर वेळी दोर, स्लिंग, गोणपाट, गाठ यात ४० मिनिटं जातात आणि काचेला लागतात १०. मग डोकं चालायला लागतं की न उतरता कसं होईल. स्लायडिंगच्या खिडक्या असतील तर शटर दोघांनी आतून धरून वर उचलायचं, खालून ट्रॅकमधून सोडवायचं आणि आत आणून बाथरूममध्ये धुवायचं. बाहेर ग्रील असेल तर अजून बरं. चाकं अडकलेली असतात, बाजूचा स्टॉपर काढावा लागतो, पण घरातल्या घरात होतं. माझी निम्मी कामं आता अशीच होतात. ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे २००५ सालचे नियम आहेत, स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही लागू, आणि त्यात क्रमच तसा दिलाय: आधी चढणं टाळा, ते जमत नसेल तर पडणं रोखा, आणि तेही जमत नसेल तर पडल्यावर कमी लागेल ते बघा. म्हणजे माझा ११ हजाराचा सेट तिसऱ्या नंबरवर येतो. त्यात अमुक फुटाच्या वरच लागू असंही काही नाही, माझे ते ९ फूट पण त्यात येतात.

तिकडचे काचवाले बरंच काम जमिनीवरून लांब पोलने करतात, आतून पाणी जाणारा पोल, पुढे ब्रश, आणि पाणी इतकं शुद्ध की पुसायची गरज नाही, डागच पडत नाही. मी ९ मीटरचा पोल घेतलाय, तो रिव्ह्यू वेगळा लिहीन कधीतरी. फक्त एक गोष्ट आत्ताच सांगतो, कार्बन फायबरच्या पोलमधून करंट जातो, आणि ओला असेल तर कुठल्याच पोलवर विश्वास ठेवायचा नाही. सिडको, जुनं नाशिक, पंचवटीतल्या गल्ल्यांमध्ये गॅलरीच्या हाताशी तारा आहेत. तिथे पोल उघडायच्या आधी मान वर करून दोन मिनिटं नुसतं बघायचं.

गिऱ्हाईकांचं काय. काही जणांना दोर बघून भीती वाटते की हा काहीतरी मोठं बिल लावणार, काहींना वाटतं हा नवशिका आहे. कॉलेज रोडला एक काकू म्हणाल्या, "आधीचा मुलगा तर पटकन बाहेर उभा राहून करायचा, अर्ध्या तासात." मी विचारलं आता तो कुठेय, तर म्हणाल्या माहीत नाही, फोन लागत नाही. यावर मी काही बोललो नाही. रेट मी वाढवलाय, दोर बांधायचे ३०० वेगळे लावतो, १० पैकी ३-४ जण नाही म्हणतात आणि जातात. जाऊ दे. आता सिंहस्थाच्या निमित्ताने हॉटेलं, लॉज सगळे चकाचक करायच्या मागे आहेत, काम भरपूर आहे आणि घाई पण भरपूर, त्यात पोरं काहीही करतील अशी मला धास्ती आहे.

अजून एक, बेल्टशी संबंध नाही तरी सांगतो. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, वर्षाला २० रुपये कापतात, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. २ लाखात काही होत नाही, पण २० रुपयात तर अजूनच काही होत नाही. भाच्याचा आणि माझा दोघांचा काढलाय.

मार्क द्यायचे तर हार्नेसला ५ पैकी ४, पॅडिंग नाही म्हणून एक कापला. बदललेल्या रोप ग्रॅबला पूर्ण ५. हुकांना ३, फार जड, आणि माझ्या कामात त्यांचा उपयोग कमीच होतो, तुम्ही पण दोरावरच काम करणार असाल तर आधी पैसे रोप ग्रॅबवर घाला. दुकानाला २, माल खरा ठेवतात, पण माहिती शून्य. रोज १००-१५० रुपये सुटणाऱ्या कामासाठी हा सेट परवडत नाही हे मला कळतं, दोघा-तिघांनी मिळून घेतला तरी चालेल, फक्त हार्नेस ज्याचा त्याच्या मापाचा हवा.

परत तोच घेतला का, हो. एकदा झटका खाल्लेला बेल्ट परत वापरायचा नसतो, बाहेरून कितीही चांगला दिसू दे, आतले धागे ताणले गेले की नाही हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून मेच्या त्या दिवसानंतर तो बाजूला ठेवला, त्याच मॉडेलचा नवीन आणला, रोप ग्रॅब पण नवीन आणली आणि दोर पण नवीन. त्या महिन्यात हातात काही उरलं नाही. जुना तसाच महिनाभर खिळ्याला होता. परवा भंगारवाला आला, त्याने हातात घेऊन बघितला, म्हणाला "भाऊ, चांगला तर आहे, ३०० देतो, पेंटर लोक नेतात." मी आतून कात्री आणली आणि त्याच्यासमोर मांडीचे दोन्ही, खांद्याचे दोन्ही आणि दोरी मधोमध कापली. पट्टा इतका चिवट की कात्रीने बोटाला फोड आला. मग रिंगा, बकला आणि हुक तेवढे लोखंडाच्या भावाने घेतले त्याने, ४५ रुपये झाले.